फुटलेली आणि पेटलेली घरटी

विजेचं माहेरच म्हणावं असं एक डोंगरी रान होतं. दर वळवात तिथे कुणा ना कुणाचं घरटं जळायचं. नवी युक्ती काढणाऱ्याने ती सगळ्यांना शिकवायची आणि त्याबदल्यात वडाची मोठी ढोली घ्यायची, असा तिथला रिवाज होता.

एका साली कुंभारीण माशीचं घरटं तेवढं वाचलं. मातीत कोळशाची भुकटी कालवून तिने घरट्यापासून मुळांपर्यंत लेप ओढला होता. वीज त्यातून निमूट जमिनीत उतरली.

वडाच्या ढोलीत तेव्हा सुतारपक्षी राहत होता. ढोली जाऊ नये म्हणून त्याने पंचांकडे धाव घेतली. तो पंचांना म्हणाला, “माती सगळ्यांना ठाऊक, कोळसा सगळ्यांना ठाऊक. दोन्ही कालवणं शेंबड्या पोरालाही सुचलं असतं.”

“मग आजवर का नाही सुचलं, दादा?” असं म्हणत कुंभारणीने आपली आधीची दोन घरटी पुढे ठेवली. एक माती जास्त होऊन फुटलेलं, दुसरं कोळसा जास्त होऊन पेटलेलं. दोन्हींत तिची पिल्लं गेली होती.

गिधाड सरपंच होतं. त्याने तिकडे मानही वळवली नाही. “फसलेलं काय बघायचं? जमलेलं समोर आहे, आणि ते सोपंच दिसतंय.”

ढोली सुतारपक्ष्याकडेच राहिली, आणि कुंभारीण माती-कोळशाचं माप न सांगताच रान सोडून गेली. सुतारपक्ष्याने त्याच दिवशी अंदाजाने लेप कालवला. त्याचं बघून बाकीच्यांनीही कालवला.

पुढच्या वळवात वीज पडली. सुतारपक्षी चारा घेऊन परतला, तर ढोलीत पिल्लांची राख होती. वडाच्या फांदीफांदीवर कुणाचं घरटं फुटलेलं, कुणाचं पेटलेलं. अशी दोन त्याने पंचांपुढे पाहिली होती.