टोळधाडीचे जाणकार

फार पूर्वी एका वडावर साळुंकी रोज संध्याकाळी परमुलखाच्या बातम्या सांगायची. एकदा वाळवंटातून टोळधाड निघाल्याचं कळलं. साळुंकीने जाणकार म्हणून कोंबड्याला बोलावलं, कारण त्याचा आवाज खणखणीत होता आणि तो वेळेवर यायचा.

"आमच्या उकिरड्यावर मी रोज चार टोळ मटकावतो," कोंबडा म्हणाला. "धाड म्हणजे फार तर आठ."

वाळवंटातून नुकताच आलेला करकोचा धापा टाकत म्हणाला, "साळुंकीबाई, मी ती धाड पाहिलीय. पिल्लांसाठी दाणे आजच लपवा."

"तुम्ही तिकडे होतात, म्हणजे आमची चर्चा ऐकलीच नाहीत. आधी ती ऐका."

तिसऱ्या दिवशी वडावर एकही पान उरलं नाही. उघड्या फांदीवरून साळुंकी म्हणाली, "पानं कुठे गेली, हे आता कोंबडेराव सांगतील."