दहाव्या मजल्याचं बिऱ्हाड

लिफ्टच्या कारखान्यातले मुख्य इंजिनियर रेठरेकर साहेब भलते संशयी. त्यात चाचणीत घोळ झाला: दहाव्या मजल्याचं बटण दाबलं की चालत्या लिफ्टचं दार सताड उघडायचं! मजल्यांचा प्रोग्रॅम साहेबांचा, दाराचा नव्या इंजिनियर मृण्मयीचा. ती शांत उभी होती, म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय, असं साहेबांनी ताडलं.

"दार तुझं, चूक तुझी. राजीनामा दे!"

"साहेब, तुमच्या प्रोग्रॅममध्ये मजल्यांसाठी मेमरीत खाने किती?"

ही खोदून का विचारतेय? साहेबांचे डोळे बारीक झाले. "दहा मजले, दहा खाने."

"मोजणी शून्यापासून?"

"अर्थात! शून्य म्हणजे तळमजला. शेंबडं पोरही सांगेल."

"म्हणजे नवव्या मजल्यालाच खाने संपले. तुम्ही राहता कितव्यावर?"

"दहाव्यावर," साहेब बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"आपले प्रोग्रॅम ज्या सी भाषेत आहेत, ती हद्द ओलांडणाऱ्याला अडवत नाही, साहेब. दहाव्याला स्वतःचा खाना नाही, म्हणून तो शेजारच्या खान्यात घुसतो. तिथे माझं दार राहतं. राजीनामा देते, पण आधी तुमचं बिऱ्हाड माझ्या घरातून हलवा!"

साहेबांच्या इमारतीतली लिफ्टही त्यांच्याच प्रोग्रॅमवर चालायची. त्या संध्याकाळी ते जिन्याने घरी गेले.