बारसं आईच्या कानात

एकदा एका वृद्ध बालवैद्यांकडे एक तरुण आई आपल्या मुलीला घेऊन आली. पाठोपाठ सासूबाईही आल्या. वैद्य सुनेच्या डोक्यात काही भलतंच भरवतील, ही त्यांना धास्ती.

मुलीचं नाव शाल्मली. शाळेचं वय झालं तरी ती बोलत नसे, हाकेला वळतही नसे. कान तपासून झाले होते, ते उत्तम होते. आई शिकलेली, त्यामुळे तिला शंका लवकर आली आणि त्या शंकेचीही शंका तितक्याच लवकर आली. आपण फार वाचतो, म्हणून तर असं दिसत नाही ना? शेजारणी म्हणत, "किती गुणाची पोर! घरात मूल आहे असं वाटतच नाही." ते ऐकून आई पुन्हा एकदा लेकीला हाक मारून पाही. डॉक्टर म्हणाले, शाळेत घाला, बोलेल. शाळा म्हणाली, बोलू लागली की आणा. सासूबाई म्हणत, "हिचा बापही उशिराच बोलला. आता थांबतो का?"

वैद्यांचा एक शिष्य होता. गेल्या वर्षी वैद्य परगावी असताना त्यानेच शाल्मलीला पाहिलं होतं. त्याला कळायचं ते कळलं होतं. पण आईचा चेहरा पाहून शब्द ओठांवरच राहिला. "लहान आहे अजून. थोडं थांबू या," एवढंच तो म्हणाला. त्या वाक्याच्या आधारावर आईने वर्ष काढलं, आणि रोज त्याच वाक्यावर चिडलीही.

या खेपेस वैद्य सकाळभर मुलीकडे नुसते पाहत बसले. खिडकीच्या रंगीत काचांतून ऊन फरशीवर उतरलं होतं. शाल्मली त्या उजेडात बोट टेकवून बसली होती. ऊन सरके, तसं बोटही सरके.

अखेर वैद्य शिष्याला म्हणाले, "पाट मांड. बारसं करायचंय."

"अहो, तिचं बारसं केव्हाच झालं!" सासूबाई उखडल्या.

"नाव सांगायचा मान आत्याचा. आज आत्या तू," वैद्य शिष्याला म्हणाले. तो कानापर्यंत लाल झाला.

"पण गुरुजी, सांगू कोणाच्या कानात?"

"तिच्या आईच्या."

आई गोंधळून पाटावर बसली. शिष्य वाकला आणि गेल्या वर्षी गिळलेलं हलकेच बोलला, "शाल्मली स्वमग्न आहे."

त्याच क्षणी सासूबाईंचा हात नकळत त्याच्या पाठीवर पडला, बारशाला आत्याच्या पाठीत बायका धपका घालतात तसा. मग तोच हात पदर घेऊन डोळ्यांकडे गेला.

हा शब्द कानी पडला की आपण कोसळू, अशी आईची खात्री होती. ती कोसळली नाही. इतके दिवस एकटीने सांभाळलेला शब्द दुसऱ्या कोणीतरी उचलला होता.

"गुरुजी, हे असं का?" शिष्याने विचारलं.

वैद्य म्हणाले, "बारशाला नाव बाळाच्या कानात सांगतात, कारण घरात ते सगळ्यांना ठाऊक असतं, बाळालाच नसतं. इथे उलटं होतं. ही कशी आहे हे हिला पहिल्यापासून ठाऊक आहे. आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. तू दयेपोटी थांबायला सांगितलंस. पण ही थोडीच थांबली? ही वाढत राहिली, थांबलो आपण. तेवढा काळ ही आपल्याच घरात परकी राहिली. नाव कळल्याने मूल बदलत नाही, बाई. त्याच्यापर्यंत जायची वाट विचारता येते. ती वाट उद्यापासून आम्ही दोघं तुम्हाला दाखवू."

आई उठली. सवयीने हाक मारणार होती, ती तिने मारली नाही. मुलीशेजारी फरशीवर बसून तिने आपलं बोट लाल उजेडात ठेवलं. बराच वेळ काहीच घडलं नाही. आपण वेडगळ दिसत असणार, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

मग मान न वळवता शाल्मलीने आईचं बोट धरलं, उचललं आणि निळ्या उजेडात नेऊन ठेवलं.

"चुकलंच होतं की माझं," आई पुटपुटली. तो निळा रंग इतका खोल असतो, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. लेक रोज तिथे बसत होती.

ऊन सरकलं, तशी दोन्ही बोटं सरकली.

"सरक गं जरा," सासूबाई म्हणाल्या, आणि गुडघे धरत खाली बसल्या.