थोरल्याचा चाटू

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाचे डोंगर आजच्यापेक्षा वीतभर उंच होते. लहानांनो, तुम्ही पुढे बसा. थोरांनो, तुम्ही मागे बसलात तरी चालेल. यातलं अर्धं तुम्हाला ठाऊक आहे.

एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावात घरोघरी नाचणीची आंबील लावत. नाचणीला मोड आणायचे, वाळवून दळायचं, पिठावर कढत पाणी ओतून मडक्यात घाटायचं आणि मडक्याचं तोंड बांधून ठेवायचं. चार दिवसांत मडकं फेसाळून यायचं. दोन वाट्या पोटात गेल्या, की म्हाताऱ्यांचीही गाणी बाहेर पडायची.

घाटायला लाकडी चाटू असे. छातीला लागेल इतका लांब दांडा, खाली रुंद पातं आणि पात्याला भोकं, म्हणजे गुठळ्या फुटतात आणि हातही भरून येत नाही. हा चाटू कुणी राखेनं घासत नसे. नुसता निथळवायचा आणि सावलीत टांगायचा. जुनी आंबील त्याच्या रेषारेषांत मुरलेली असे, आणि तीच पुढच्या मडक्याला जागं करी. म्हणून प्रत्येक घरची चव निराळी. डोळे बांधून वाटी हातात दिली, तरी लोक घर ओळखत.

त्या गावात दोन भाऊ राहत होते. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्यानंच धाकट्याला भरवलं, न्हाऊ घातलं, वाढवलं. थोरला शांत होता आणि धाकटा तापट.

"तुझं डोकं म्हणजे उतू जाणारं मडकं," थोरला म्हणायचा.

"मग तू फुंकर घाल," धाकटा म्हणायचा. आणि थोरला खरोखरच त्याच्या डोक्यावर फुंकर घालायचा.

ओढ्यापलीकडे एक म्हातारी एकटीच राहायची. तिच्या हातांत जोर उरला नव्हता. थोरला आपला चाटू खांद्यावर टाकून जायचा आणि तिचं मडकं घाटून यायचा. एका पावसाळ्यात परत येताना ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून त्याचा पाय घसरला. लोकांनी त्याला बाहेर काढलं, तेव्हा चाटू त्याच्या मुठीत होता. जीव मात्र नव्हता.

धाकट्याला रडू आलं नाही. राग आला. ओढ्याकाठी चिता रचली, तेव्हा म्हातारी पलीकडच्या काठावर उभी राहून डोळे पुसत होती. धाकटा तिच्यावर ओरडला, "तुझ्या मडक्यापायी माझा दादा गेला! माझ्या उंबऱ्याला कधी पाय लावू नकोस!"

मग त्यानं थोरल्याचा चाटू उचलला आणि चितेवर फेकला. "दादाचा आहे, दादाबरोबर जाऊ दे."

लोक "अरे, अरे!" म्हणेपर्यंत चाटू पेटला होता.

आता त्या गावाची एक रीत होती. माणूस गेल्याला वर्ष झालं, की पौर्णिमेला त्याच्या घरी मडकं लावायचं. आंबील त्याच्याच घरच्या चवीची हवी. सगळं गाव एकेक वाटी पिणार आणि एकेकजण त्याचं नाव घेणार. मग तो माणूस पूर्वजांच्या पंगतीला बसला, असं मानायचं. मडकं फेसाळलं नाही, तर नाव घ्यायचं नाही. तो माणूस पंगतीच्या बाहेर उभाच.

वर्ष सरत आलं. वर्षभर धाकट्यानं घरात मडकं लावलंच नव्हतं. पौर्णिमा पंधरा दिवसांवर आली आणि धाकट्याला उमगलं, की आपण काय जाळलं.

त्यानं धावत जाऊन हाताला लागली ती आंब्याची ओली फांदी तोडली आणि एका दुपारीत चाटू बनवला. दुसऱ्या दिवशी उन्हात तो तडकला. त्यानं तो मोडून चुलीत घातला आणि सुताराकडे गेला.

सुतार बराच म्हातारा होता. तो म्हणाला, "लाकडाला तुझी घाई कळत नाही, बाबा. बस. हे शिवणीचं लाकूड घे, दोन वर्षं वाळलंय. मीच करून दिला असता, पण वर्षाच्या मडक्याचा चाटू घरच्याच हातानं व्हायला हवा."

धाकट्यानं वाकसानं लाकूड तासलं. दोनदा बोट कापलं. सुतार म्हणाला, "बोटानं नको तासू, वाकसानं तास." धाकटा वर्षात पहिल्यांदा हसला. दादाही असंच काहीतरी म्हणाला असता.

त्यानं तापल्या सळईनं पात्याला भोकं पाडली. झाडाच्या खरखरीत पानांनी दांडा इतका घासला, की तो गालाला लावावासा वाटे. चार दिवसांत चाटू झाला. थोरल्याच्या चाटूपेक्षाही देखणा झाला.

त्या चाटूनं त्यानं मडकं घाटलं आणि तोंड बांधलं. पाचव्या दिवशी फडकं सोडलं. पीठ खाली, पाणी वर. फेसाचा एक बुडबुडा नाही.

पौर्णिमा चार दिवसांवर होती. धाकटा चाटू घेऊन सुताराकडे गेला आणि म्हणाला, "माझं काय चुकलं?"

सुतारानं चाटू नाकाला लावला. "चुकलं काही नाही. चाटू चांगला आहे, पण कोरा आहे. याला आजवर कुणी काही सांगितलंच नाही. माझ्या मडक्यात बुडवून दिला, तर तुझ्या घरात माझ्या घरची आंबील होईल. तुझ्या भावाचा चाटू तुमच्या घराखेरीज आणखी कुठल्या मडक्यात फिरला होता?"

धाकट्याला उत्तर ठाऊक होतं.

"तिथं मी जाणार नाही," तो म्हणाला.

"नको जाऊ," सुतार म्हणाला आणि आपल्या कामाला लागला.

धाकटा घरी आला. उंबऱ्यावर बसला. समोर कोपऱ्यात मुकं मडकं होतं. त्याला वाटलं, दादा दाराबाहेर उभा आहे आणि कुणी त्याला आत ये म्हणत नाही. तो ताडकन उठला, चाटू घेतला आणि ओढ्याकडे निघाला.

ओढा भरून वाहत होता. वर्षभर तो या पाण्याजवळ फिरकला नव्हता. त्यानं चाटू उलटा धरला आणि दांड्यानं तळ चाचपत, एकेक दगड पारखत पलीकडे गेला.

म्हातारी अंगणात बसली होती. त्याला पाहून ती म्हणाली, "आलास? बस. केवढा वाळलास रे!"

धाकट्यानं नुसता चाटू पुढे केला.

म्हातारी त्याला आत घेऊन गेली. कोपऱ्यात एक लहान मडकं होतं. तिनं फडकं सोडलं. आतला फेस हळूहळू फुटत होता. आणि वास आला. त्यांच्या घरचा वास. दादाच्या हाताचा वास.

"तो शेवटचा घाटून गेला ना, ते मडकं मी मरू दिलं नाही," म्हातारी म्हणाली. "दर वेळी तळाची वाटीभर ठेवायची आणि त्यावर मूठभर नवं पीठ घालायचं. मुठीएवढंच. तेवढं या हातांना जमतं. म्हटलं, पोराला वर्षाला लागेल."

"मग निरोप का नाही धाडलास, आजी?"

"उंबऱ्याला पाय लावू नकोस म्हणाला होतास. पण मडक्याला काही म्हणाला नव्हतास. म्हणून मडकं सांभाळत बसले."

तेव्हा धाकटा रडला. वर्षभराचं रडला. म्हातारीनं त्याला थांबवलं नाही. फक्त त्याच्या डोक्यावर हलकेच फुंकर घातली. ती सवय तिला कुणी सांगितली होती, हे त्याला विचारावं लागलं नाही.

मग त्यानं कोरा चाटू त्या मडक्यात बुडवला आणि सावकाश घाटला. घरी येऊन त्याच चाटूनं नवं मडकं घाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फडकं फुगलं होतं.

पौर्णिमेला धाकटा ओढा ओलांडून गेला आणि म्हातारीला पाठीवर घेऊन आला. "सांभाळ रे, मी काही पिठाचं पोतं नाही," ती सारा वेळ कुरकुरत होती. त्यानं तिला उंबऱ्याच्या आत बसवलं आणि पहिली वाटी तिच्या हातात दिली.

तिनं घोट घेतला, डोळे मिटले आणि थोरल्याचं नाव घेतलं. मग सुतारानं घेतलं. मग सगळ्या गावानं. शेवटी धाकट्यानं घेतलं, मोठ्यानं. ते नाव कोणतं, ते मला विचारू नका. तुमच्या घरातून जे नाव गेलं असेल, तेच इथे घाला.

त्या दिवसापासून दर आठवड्याला धाकटा तो चाटू खांद्यावर टाकून ओढ्यापलीकडे जाऊ लागला. त्या गावात पुन्हा कुणी गेलेल्या माणसाचा चाटू जाळला नाही.

गेलेल्याला जपायचं असेल, तर त्यानं ज्यांना जीव लावला त्यांना जपावं.