मडकं आणि जरीचा फेटा

चेंडूफळीचा डाव अगदी रंगात आला होता. इनामदार हरले तर माळ गावाला खेळायला राहणार, जिंकले तर त्यावर नांगर फिरणार. इनामदारच शेवटचे गडी. त्यांच्यामागे उपडं मडकं ठेवलेलं. त्याला तडा गेला की गडी बाद.

येसू कुंभाराने जीव खाऊन टाकलेला चेंडू थेट मडक्यावर बसला. तडा सगळ्या गावाने पाहिला.

“मडकं शाबूत आहे,” इनामदार गुरगुरले. पंचांनी मान खाली घातली.

येसूने मडकं उचललं. “आसंल सरकार. मी हे पाण्यानं भरतो, तुम्ही डोक्यावर घेऊन देवळापतुर चला. फेटा कोरडा राहिला तर तुम्ही जिंकलात.”

इनामदारांचा हात नव्या जरीच्या फेट्याकडे गेला. मग त्यांनी फळी खाली ठेवली.