मानाजीरावांची जड फळी

महाराजांची पालखी चिखलात आडवी झाली आणि एकच गोंधळ उडाला! कारवीगडचे रायाजीराजे रानातल्या कच्च्या वाटेने देवीच्या दर्शनाला निघाले होते. भोयांचे पाय रथांच्या खोल चाकोऱ्यांत अडकले, पालखी कलंडली आणि महाराज भरजरी अंगरख्यासकट डबक्यात!

"कोण सांभाळतं ही वाट?" महाराज गरजले.

वाट सांभाळायची हिरडपाड्याच्या लोकांनी. त्या बदल्यात त्यांना रानात राहायची आणि हिरडा-मध गोळा करायची मुभा होती. पाड्याचा नाईक लुमा हात जोडून पुढे आला. "महाराज, आम्ही मुरूम टाकून टाकून थकलो. पण तुमचे सरदार..."

आता हे सरदार म्हणजे काय चीज होती, ते सांगायलाच हवं. लढाई कधी पाहिली नाही, घाम कधी गाळला नाही. माती ओली झाली की रथ घेऊन रानात घुसायचं, वाट सोडून झाडांमधून उधळायचं, रोपटी चिरडायची आणि घरी जाऊन मिशांना पीळ द्यायचा. मर्दुमकी कसली, तर चिखल उडवायची! त्यांचा म्होरक्या मानाजीराव, म्हणजे राणीसाहेबांचा सख्खा भाऊ. त्याला बोलायची महाराजांचीच छाती नव्हती. मग राग निघाला पाड्यावर.

"सबबी नकोत! दसऱ्याला मी पुन्हा येईन. बैलगाडीत भरलेली घागर ठेवून या वाटेने नेईन. पाणी सांडलं तर अख्खा पाडा रानातून उठवीन! आणि खबरदार, सरदारांचे रथ अडवलेत तर! आज मला पाडलंत, म्हणून पाड्याचे सगळे बैल सरकारजमा!"

लुमा घरी येऊन मटकन खाली बसला. "बैल नेले, आता फळी कोण ओढणार? संपलं गं पोरी!"

शेत नांगरलं की माती सपाट करायला बैलांमागे जाड लाकडाची फळी बांधतात आणि वजन यावं म्हणून तिच्यावर माणूस उभा राहतो. पाड्याचे लोक वाटही तशीच सपाट करत.

लुमाची लेक गोजरी मात्र खुदकन हसली. "आबा, फळ्या तेवढ्या वाटेवर नेऊन ठेवा. ओढणारे आपल्या पायांनी येतील."

दुसऱ्या दिवशी रथ खडखडत आले. गोजरी फळीवर बसून निवांत काकडी खात होती.

"ए पोरी, हो बाजूला! भीती नाही वाटत?" मानाजीराव ओरडला.

"कशाची भीती? रिकामा रथ तर माझी आजीसुद्धा पळवील!"

"काय म्हणालीस?"

"खरं तेच म्हणाले. आमचे बाप्ये धावत्या फळीवर तोल सांभाळून उभे राहतात. तुमच्याच्यानं नाही व्हायचं ते, सरदारसाहेब. उगाच पडाल, लागेल!"

झालं! मानाजीरावाच्या मिशा थरथरल्या. "बांधा रे फळी माझ्या रथाला!"

रथ सारथ्याच्या हाती देऊन तो फळीवर चढला. ते पाहून बाकीच्यांनाही चेव आला. एकाची फळी रुंद, तर दुसऱ्याला त्याहून रुंद हवी. एकाने फळीवर दगड ठेवला, तर दुसऱ्याने धोंडा! झाडांत घुसायची सोयच उरली नाही. एकाने हौसेने वाट सोडून रथ झाडांत घातला, फळी बुंध्याला अडकली आणि सरदार उताणे काटेरी जाळीत! मग सगळे मुकाट्याने वाटेवरच राहिले.

रोज पाड्याची माणसं पुढे मुरूम टाकायची आणि मागून हे शूरवीर तोंडात चिखल, नाकात चिखल, "हाण! हाण!" करत तो दाबून द्यायचे. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

दसऱ्याला महाराज पालखीतून आले. घागर गाडीत ठेवली. गाडी रानाच्या या टोकाहून त्या टोकाला गेली. पाणी सांडलं नाही!

महाराज चक्रावले. "रथ अडवलेत काय रे?"

"एकही नाही, महाराज," गोजरी पुढे होत म्हणाली. "उलट सरदारसाहेब रोज येत होते."

"आणि बैल तर माझ्या गोठ्यात आहेत. मग फळी ओढली कोणी?"

लुमा चपापला. पण मानाजीराव छाती फुगवून पुढे झाला. "आम्ही, दाजी! आणि सगळ्यांत जड फळी माझी!"

महाराजांनी मेहुण्याकडे पाहिलं, मग गोजरीकडे. "पोरी, हे काय?"

"आमचे बैल तुम्ही नेलेत, महाराज. मग दरबारातून जे आले, तेच जुंपले!"

महाराज असे हसले, असे हसले, की या खेपेला सपाट वाटेवरही पालखी डगमगली! डोळे पुसत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गोजरीला दिलं. "पाड्याचे बैल आजच परत करा. रान कायमचं तुमचं! आणि वाट?"

"त्याची काळजी नको, महाराज," गोजरी म्हणाली. "ते बघा."

मानाजीराव लुमाला बाजूला घेऊन बजावत होता, "नाईक, पुढच्या वर्षी फळी याहून जड हवी हं!"