भरून आलेला खूर

घाटमाथ्यावरच्या एका पेठेत एकदा एक हिंगाचा व्यापारी आपली लंगडणारी घोडी घेऊन आला. तिच्या पुढच्या उजव्या खुरात खिळा रुतला होता. त्या पेठेतल्या वृद्ध नालबंदाइतके घोड्याचे पाय कुणाला कळत नसत. त्याने घोडी आपल्या शिष्याच्या हाती सोपवली. शिष्य तिशीचा, हाताने कुशल. पण हुशार माणसांना असते ती घाई त्यालाही होती. त्याने खिळा उपटला, जखम धुतली, छिद्रात मेण भरले आणि काम झाले असे मानले.

व्यापारी शिष्याच्याच गावचा आणि दरवर्षी पेठेत येणारा. मोठ्या भावाशी भांडून शिष्याने घर सोडले, त्याला चार वर्षे झाली होती. घरी आई होती. व्यापाऱ्याने तिचा विषय काढला की हा घाईने विचारी, "यंदा चिंचा कशा आल्यात?" नदीला पाणी किती, देवळाचा कळस बसला का, सारे विचारी, आईचे तेवढे विचारीत नसे. कुणी छेडलेच तर म्हणे, "ते आता भरून आलंय." आणि गावाकडे परतणाऱ्या गाड्या दिसेनाशा होईपर्यंत रस्त्याकडे पाहत उभा राही. घराची ओढ त्याला आतून पोखरत होती. पेठेत हे सर्वांना ठाऊक होते. कबूल नव्हते ते फक्त त्याला.

आठव्या दिवशी व्यापारी घोडी पाहायला आला, तेव्हा शिष्य वृद्धाला म्हणाला, "उस्ताद, जखम भरून आली. शेठ उद्या निघाले तरी चालेल."

वृद्धाने खुरावर तळहात ठेवला. खूर तापला होता.

"भरून आली, की नुसती भरली?" त्याने विचारले. मग खूर तासायची सुरी घेऊन त्याने ती मिटलेली जागा पुन्हा कोरून उघडली. शिष्याचा चेहरा उतरला. आठ दिवसांची मेहनत उस्ताद डोळ्यांदेखत उकरत होते. तेवढ्यात काळपट, दुर्गंधी पू वाहू लागला. घोडीने लांब श्वास सोडला आणि तो पाय हळूच जमिनीवर टेकून पाहिला.

मिठाच्या कोमट पाण्याची बादली मागवून वृद्ध म्हणाला, "अरे, जखम तळापासून वर भरत आली पाहिजे. तू तिचं तोंड आधी मिटवलंस. दिसायला छान दिसलं, आणि घोडी मात्र तीन पायांवर उभी. वाहती जखम बघवत नाही, म्हणून माणूस घाई करतो. तोंड उघडं ठेवायला धीर लागतो." बादली त्याने शिष्यापुढे सरकवली. "आईचं नाव निघालं की तू चिंचांचं विचारतोस, तेही मेणच. आठवण येते म्हणायला कसली लाज?"

शिष्याने घोडीचा पाय बादलीत धरला.

"मला घरी जायचंय, उस्ताद," तो म्हणाला. "रोजच जायचं असतं. पण भाऊ घरात घेईल का?"

"ते मला काय ठाऊक? मला खुरातलं कळतं."

शिष्याने व्यापाऱ्याकडे मान वळवली. "शेठ, आई कशी आहे?"

व्यापाऱ्याला उत्तर शोधावे लागले नाही. "डोळ्यांनी दिसत नाही तिला आता. अंगणात कुणाचं पाऊल वाजलं की दारापर्यंत येते, कान देते. तू नाहीस, हे कळलं की परत आत जाते."

शिष्याचे हात पाण्यातच थांबले. वृद्ध खाली वाकला आणि घोडीचा पाय त्याने स्वतःच्या हातात घेतला.

"घोडीचं मी पाहतो," तो म्हणाला. "तू नीघ."